लघवीची जळजळ आणि पत्नीला संसर्ग होण्याची भीती

प्रश्न
माझे वय 34 असून नोकरीनिमित्त मी चंद्रपूरला एकटाच राहतो. गेले चार दिवस लघवी करताना तीव्र जळजळ होते आणि आज सकाळी अंतर्वस्त्रावर पिवळसर, चिकट डाग दिसला. इकडच्या मे महिन्यात उन्हाळी लागणे नवीन नाही, म्हणून धने-जिऱ्याचे पाणी घेत राहिलो, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही घेतल्या. परंतु फरक पडला नाही. लिहिताना संकोच वाटतो, पण अठरा दिवसांपूर्वी निरोध न वापरता माझा बाहेर एकदा संबंध आला होता. शनिवारी मी घरी जाणार आहे. माझ्यामुळे पत्नीला काही होईल का? तिला हे सांगावेच लागेल का?

उत्तर 1
मी अनेक वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केले आहे. उन्हाळीत शरीरातले पाणी कमी पडून लघवी दाट होते आणि म्हणून जळजळते. भरपूर पाणी प्यायल्यावर ती उतरते आणि तिच्यात असा स्राव येत नाही. आपल्याला स्राव आहे आणि मागे असुरक्षित संबंधही आहे, त्यामुळे परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गांची शंका आधी घ्यावी लागेल. परम्याची लक्षणे बहुधा आठवड्याभरात दिसतात, क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागू शकतात, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. लघवीच्या नेहमीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) मधली धार घेतात आणि त्यात हे दोन्ही जंतू सापडत नाहीत, त्यामुळे तो रिपोर्ट नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नये. यांच्या पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीसाठी किमान तासभर लघवी न करता अगदी पहिली धार बाटलीत धरावी लागते. उरलेल्या गोळ्या घेतल्याचेही डॉक्टरांना सांगा. जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांसाठीचा सरकारी दवाखाना) तपासणी व औषधे मोफत मिळतात. एचआयव्हीची चाचणी आताही करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा.

उत्तर 2
भाऊ, पत्नीला सांगावे का, या प्रश्नावर मी पत्नी म्हणून लिहिते. माझ्या पतींनी स्वतः गुपचूप औषध घेतले आणि मला काहीच कळू दिले नाही. मला ना जळजळ होती, ना अंगावरून जाण्यात फरक. क्लॅमिडिया बायकांमध्ये बहुतेक वेळा असाच मुकाट राहतो. वर्षभराने ओटीपोटात दुखू लागले, ताप आला आणि सोनोग्राफीत गर्भनलिकांना सूज असल्याचे निघाले. शिवाय माझ्यावर उपचार झालेलेच नसल्यामुळे त्यांनाही पुन्हा लागण झाली होती. राग मला संसर्गापेक्षा त्या लपवण्याचा अधिक आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

या अठरा दिवसांत तुम्ही घरी जाऊन आला असाल, तर तुमच्या पत्नीला लक्षण असो वा नसो, त्यांचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत. त्या गरोदर असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण काही औषधे तेव्हा चालत नाहीत.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. बरोबर दोन आठवड्यांपूर्वी मी घरी गेलो होतो, म्हणजे तो धोका होऊन गेलेला आहे. उद्या सकाळी सुरक्षा क्लिनिकमध्ये जातो. शनिवारी घरी गेल्यावर संबंध ठेवले नाहीत तर पुरेसे आहे ना?

उत्तर 1
दोघांचेही उपचार पूर्ण होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध टाळा, आणि त्यानंतरही तीन महिन्यांची एचआयव्ही चाचणी होईपर्यंत निरोध वापरा. मात्र ताई लिहितात ते खरे आहे: शनिवारी नुसते दूर राहून भागणार नाही, पत्नीला सांगून सोमवारी डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. कसे बोलावे हे सुचत नसेल, तर क्लिनिकमधील समुपदेशकांना विचारा, किंवा 1097 या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.