डब्लिन: क्लॉनशॉच्या सांडपाणी प्रकल्पाला मंजुरी मिळालीये, जवळपास घर घ्यावं का?

निशिगंध

नमस्कार मंडळी. उत्तर डब्लिनमध्ये राहणाऱ्यांना किंवा या विषयातलं कळणाऱ्यांना विचारतेय.

आम्ही बेलमेनच्या बाजूला घर बघतोय. एक घर आम्हा दोघांनाही आवडलं, बोलीही लावली, आणि त्याच आठवड्यात ऑफिसमधला एक जण म्हणाला, "तिकडे काय येतंय माहीत आहे ना?" माहीत नव्हतं. मग शोधलं. ग्रेटर डब्लिन ड्रेनेज नावाचा प्रकल्प आहे. विमानतळाजवळ क्लॉनशॉला पाच लाख लोकसंख्येच्या क्षमतेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, ब्लँचर्ड्सटाऊनकडून तिथवर जमिनीखालून पाइप, आणि पुढे शुद्ध केलेलं पाणी आयर्लंड्स आय या बेटाच्या पलीकडे समुद्रात. जुलै २०२५ मध्ये अन कोमिशून प्लॅनॉलाने, म्हणजे इथल्या बांधकाम-परवानगी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, मंजुरी दिलीये.

एजंट म्हणतो, "ते काय, कित्येक वर्षं येतंच आहे." नवरा म्हणतो, सोडून दे, दुसरं बघू. मला घर सोडवत नाहीये. वास खरंच येतो का, आणि किती लांब? मागे एकदा मंजुरी मिळून कोर्टाने रद्द केली होती म्हणे, मग आत्ताची तरी पक्की का? कागदपत्रं उघडून बघितली तर पानंच पानं, काय वाचायचं तेच कळेना.

खडूस_काका

डब्लिनचं सध्याचं मोठं सांडपाणी केंद्र रिंग्सेंडला आहे. ते २००३ मध्ये सुरू झालं आणि पाठोपाठ वासाच्या तक्रारीही. शेजारच्या सँडीमाउंटला कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, आम्हाला नको. पुढे सुधारलं असेलही. पण मी माझे पैसे तिथे घातले नसते. बाकी तुमची मर्जी.

गाळवाला

निशिगंधताई, मी आयर्लंडमध्ये नाही, पण याच धंद्यात आहे. अशाच एका मोठ्या केंद्राच्या गाळ विभागात (मैलापाण्यातून वेगळा काढलेला घट्ट भाग म्हणजे गाळ) काम करतो, म्हणून हे टोपणनाव. काकांचं म्हणणं उडवून लावणार नाही, पण "प्लांट आला म्हणजे वास आला" इतकं ते सरळ नसतं.

पहिल्यांदा वासाचं. लोकांना वाटतं सगळ्या टाक्या घाण मारतात. हवा सोडलेल्या टाकीपाशी उभ्या राहिलात तर ओल्या मातीसारखा वास येईल, फार तर. खरा त्रास दोन ठिकाणी. एक, जिथे मैलापाणी आत येतं आणि जाळ्यांवर कचरा अडतो. दुसरी जागा म्हणजे आमचा गाळ विभाग. आमच्याकडे सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, निघालेला गाळ कंटेनरमध्ये पडतो, ट्रक भरून जाताना शटर वर जातं. ते शटर ट्रक गेल्यावर लगेच खाली आलं तर शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. कोणी चहा प्यायला गेला आणि ते उघडंच राहिलं, की फोन वाजायला लागतात. वासाची हवा धुणारे करोडोंचे स्क्रबर बसवा, शेवटी गाडी त्या शटरपाशी येऊन अडते.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सडका वास बहुतेक वेळा प्लांटमध्ये तयारच होत नाही, पाइपात होतो. लांबच्या दाबाच्या पाइपात मैलापाणी तुंबून राहिलं की त्यातला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू, तयार होतो. पाणी उघड्यावर आलं की तो सुटतो. तुमच्या प्रकल्पात ॲबट्सटाऊनला पंपिंग स्टेशन आहे, तिथून पाणी पुढे ढकललं जाणार. तेव्हा पाइपात पाणी किती तास राहणार आणि सल्फाइड रोखायला रसायनाचा डोस देणार आहेत का, हे बघा. मी असतो तर हे आधी वाचलं असतं.

कागदांत पर्यावरण परिणाम अहवालातलं वासाचं प्रकरण उघडा. त्यात नकाशा असतो, डोंगराच्या नकाशावर असतात तशा वळणदार रेषांचा. आपलं घर कुठल्या रेषेत येतं ते पाहा. मर्यादा बहुधा "९८ टक्के तास अमुक पातळीच्या खाली" अशा भाषेत दिलेली असते. वाचायला झकास वाटतं, पण उरलेले दोन टक्के म्हणजे वर्षाचे १७५ तास. ते सगळे जुलैतल्या निवांत संध्याकाळी आले तर तुमची बाग वाया. शिवाय हे मॉडेल यंत्रणा ठीक चालतेय असं धरून केलेलं असतं. दुरुस्तीसाठी टाकीचं झाकण काढलं तर काय, हे त्या रेषांमध्ये नसतं.

त्याच अहवालात वाहतुकीचं प्रकरणही सोडू नका. क्लॉनशॉला नुसतं केंद्र नाही, गाळ केंद्रही आहे. म्हणजे फिंगल भागातल्या दुसऱ्या केंद्रांचा गाळ टँकरने तिथे येणार. कुठल्या रस्त्याने, किती वाजता? मला विचाराल तर घर घेणाऱ्याने वासाच्या आधी हा प्रश्न विचारावा, पण कोणी विचारत नाही.

आता मंजुरीचं. क्लॉनशॉची जागा २०१३ मध्ये तीन पर्यायांतून निवडली. जून २०१८ मध्ये अर्ज, मार्च २०१९ मध्ये सुनावणी, नोव्हेंबर २०१९ मध्ये अन बोर्ड प्लॅनॉलाची (आत्ताच्या कोमिशूनच्या आधीची संस्था) मंजुरी. एक स्थानिक रहिवासी हायकोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ती मंजुरी पडली. का पडली ते बघा. प्लांट वाईट आहे असं कोर्टाने म्हटलं नव्हतं. सांडपाणी सोडण्याबाबत पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं मत मागवणं २००७ च्या नियमांनुसार सक्तीचं होतं आणि बोर्डाने ते मागवलं नव्हतं. एवढ्यावरून सगळं पुन्हा बोर्डाकडे आलं आणि नवा निकाल यायला २०२५ उजाडलं. बाहेरून बघणाऱ्याला हे पोरखेळ वाटेल, मला नाही वाटत. समुद्रात काय सोडायचं याचं ज्याला कळतं, त्यालाच न विचारता हो म्हणायचं?

निकालाला आठ आठवड्यांत ज्युडिशियल रिव्ह्यूने, म्हणजे हायकोर्टात जाऊन, आव्हान देता येतं. तसं काही झालंय का आणि कुठवर आलंय, ते तुमच्या सॉलिसिटरकडून (घराचे कागद बघणाऱ्या वकिलाकडून) लेखी घ्या. शिवाय बांधायची मंजुरी वेगळी आणि पाणी सोडायचा परवाना वेगळा. तो ईपीए देते, आणि पुढे केंद्राला रोज बांधून ठेवणारं कलम त्यातच असतं.

भरती_ओहोटी

मी पोर्टमार्नकला राहते, वेल्व्हेट स्ट्रँडला पोहते, थंडीतही. घराच्या किमतीचं मला काही नाही, माझा प्रश्न पाण्याचा आहे. पाइप बाल्डॉइल खाडीखालून जाणार. ती खाडी संरक्षित आहे, हिवाळ्यात तिथे ब्रेंट गीझ, म्हणजे स्थलांतर करणारे हंस, उतरतात. आणि पाच लाख लोकांचं पाणी आमच्या समोर सोडणार. "शुद्ध केलेलं" म्हणजे नेमकं किती शुद्ध हो, गाळवाला?

गाळवाला

रास्त प्रश्न. नेहमीचं दुय्यम शुद्धीकरण म्हणजे युरोपच्या १९९१ च्या निर्देशाप्रमाणे लिटरला २५ मिलिग्रॅम बीओडीपर्यंत (पाण्यातली घाण कुजताना जो ऑक्सिजन खाते त्याचं माप). त्याने माशांना ऑक्सिजन मिळतो, पोहणाऱ्यांचं पोट वाचत नाही. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, भरपूर उरतात. त्यासाठी यात अल्ट्राव्हायोलेट दिव्यांनी निर्जंतुकीकरण धरलंय, ते चांगलं आहे. तुम्ही मंडळी एकत्र असाल तर परवान्याच्या वेळी एकच हट्ट धरा: दिवे बारा महिने चालू ठेवायचे, फक्त पोहण्याच्या मोसमात नाही. विजेचं बिल वाचवायला हिवाळ्यात ते बंद ठेवण्याचा मोह ऑपरेटरला होतोच. आणि दिवे बंद पडले की किती वेळात लोकांना कळवायचं, तेही लिहून घ्या.

दुसरी बाजूही सांगतो. उत्तरेकडचं बरंचसं मैलापाणी आज रिंग्सेंडलाच जातं. ते केंद्र बांधलं १६ लाख ४० हजारांसाठी आणि आता वाढवून २४ लाखांपर्यंत नेलंय. मार्च २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांडपाण्यावरून आयर्लंडला दोषी ठरवलं, त्या यादीत रिंग्सेंडही होतं. क्लॉनशॉ झालं नाही म्हणून सांडपाणी थांबत नाही, ते डब्लिन बेमध्ये जातं. तिथेही लोक पोहतातच.

भरती_ओहोटी

बारा महिन्यांचा मुद्दा लिहून घेतला. बाकी "तुमच्याकडे नाही तर त्यांच्याकडे" हे मला अजून पचत नाही, पण ते राहू दे.

खडूस_काका

गाळवाला, शटर उघडं टाकून चहाला जाणारा माणूस इकडेही मिळेलच. माझं मत तेच.

गाळवाला

काका, मिळेलच. म्हणून तक्रारींची नोंदवही लोकांना बघता आली पाहिजे. तेवढी एक अट असली की चहा थंड होतो, शटर आधी खाली येतं.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. वासाचा नकाशा सापडला. आमचं घर त्या रेषांच्या बाहेर दिसतंय, पण टँकरचा रस्ता मला नीट लागला नाही. तो आणि कोर्टाचं काय झालंय ते, असे दोन प्रश्न सॉलिसिटरला पाठवलेत. उत्तर येईपर्यंत बोली वाढवणार नाही.

नवऱ्यालाही नकाशा दाखवला. त्याने तो शांतपणे बघितला आणि विचारलं, "बरं, आणि विमानांच्या आवाजाचं काय?"

खडूस_काका

त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथेही मी "घेऊ नका" म्हणणारच आहे.