उत्तर: अक्षरं कपाटात टाकायची की नाही

"कॉलेज सुटलं की ती ग्रीक अक्षरं कपाटात टाकावीत, चाळिशीच्या बाईने सोरोरिटीचा टीशर्ट घालून हिंडणं पोरकट दिसतं" हे वरचं मत मला अर्धंच पटलं. (सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतली मुलींची संघटना; तिचं नाव ग्रीक अक्षरांचं, आणि तीच अक्षरं कपड्यांवर मिरवतात.) टीशर्टाबद्दल मान्य! पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरोरिट्या या चर्चेत आल्याच नाहीत, आणि तिथे निम्मं काम पदवीनंतरच असतं. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा कप्पा अल्फाच्या पदवीधर बायकांसाठी वेगळ्या शाखा आहेत. नोकरीला लागल्यावरही त्यांत सभासद होता येतं. शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी वगैरे चालूच असतं.

आमच्या ऑफिसातल्या एक बाई याच सोरोरिटीच्या, पन्नाशीच्या पुढच्या. अंगावर अक्षरं कधीच नसतात. गाडीच्या नंबरप्लेटभोवती सोरोरिटीच्या रंगांची गुलाबी-हिरवी चौकट, आणि १५ जानेवारीला, म्हणजे स्थापनादिनी, गळ्यात मोत्यांची माळ. बस. एकदा पार्किंगमध्ये कुणी अनोळखी बाई ती चौकट बघून थांबल्या, 'स्की-वी' अशी सोरोरिटीची ठरलेली हाळी दिली, आणि मग कुठली शाखा, कुठलं साल करत दोघी उन्हात उभ्या. माझं जेवण लांबलं ते वेगळंच. २०२१ मध्ये कमला हॅरिस यांच्या शपथविधीच्या दिवशी कितीतरी बायकांनी मोती घातले, तेही हॅरिस यांच्या याच सोरोरिटीची खूण म्हणून. आणि हो, सभासद नसताना हौसेने ती अक्षरं घालणं तिथे खपत नाही, तेव्हा लेकीचा जुना स्वेटशर्ट आईने चढवू नये.