‘गोळ्यांच्या भरवशावर राहणारे बेजबाबदार’ म्हणणाऱ्यांना

मानेवाडावाला: काल इथे एकाने लिहिलं, “एचआयव्हीवाल्याने जन्मभर कंडोम वापरायचाच, गोळ्यांच्या भरवशावर राहणारे बेजबाबदार.” रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी 9 वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे, बायको निगेटिव्ह. जेवण झालं की तीच गोळी आणि पाण्याचा गिलास हातात देते. 5 वर्षांत एकदाही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडला नाही. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशा जोडप्यांवरच्या ‘पार्टनर’ अभ्यासाचे निकाल 2016 आणि 2019 मध्ये आले; गोळ्यांनी विषाणू दाबलेल्या जोडीदाराकडून कंडोमशिवायही एकाला लागण झाली नाही. आमची पोरगी त्याच भरवशावर झाली. निगेटिव्ह आहे. बेजबाबदार कोण?

सदरची ताई: पोरीचं ऐकून बरं वाटलं भाऊ. पण मी समुपदेशक आहे, रोज पेशंटसमोर बसते. लोड वर्षातून एकदा मोजतात. मधे माणूस लग्नाला गावी जातो, डबी घरी राहते, 15 दिवस गोळी नाही. तेव्हा काय? आणि गरमी, परमा हे गुप्तरोग एआरटीने थांबत नाहीत.

मानेवाडावाला: खंड पडला की कंडोम, हे मी नाकारलं कुठे?

इतवारीकर: तुम्ही दोघं भांडा. मेडिकलवाल्यासमोर चार बाया उभ्या असताना कंडोम मागून पाहा आधी! मी मोहल्ला सोडून बर्डीला जातो. घरी सहा माणसं, दोन खोल्या. पाकीट गाडीच्या डिकीत ठेवतो.

सदरची ताई: डिकीत? मे महिन्यात? 45 अंशांत रबर खराब होतं, ऐन वेळी फाटतो. खोबरेल तेलानेही तसंच. पाण्याचं जेल वापरा.

इतवारीकर: मग ठेवू कुठे ते सांगा ना! आमच्या एआरटी केंद्रात फुकट निरोधची पेटी आहे, बरोबर रांगेच्या तोंडासमोर. तीन वर्षांत माझा हात तिथे गेला नाही.

मानेवाडावाला: ही गोष्ट मात्र खरी. मीही कधी घेतला नाही.

धरमपेठ काका: मुळात अशा लोकांनी हे सगळं करावंच कशाला?

सदरची ताई: काका, तोंड सांभाळा. हे माझे पेशंट आहेत, कोणाचे नवरे, कोणाच्या बायका. 2017 चा एचआयव्ही कायदा वाचा. वाजवी खबरदारी घ्या म्हणतो, संसार सोडा म्हणत नाही.

मानेवाडावाला: वाजवी खबरदारी. फक्त कंडोम असं त्यात लिहिलेलं नाही, ताई.

सदरची ताई: नाही लिहिलेलं. बरं, तुम्हाला बेजबाबदार म्हणणार नाही. पण यंदाचा लोड कधी काढला?

मानेवाडावाला: राहिलाय. दोन महिने वर झाले. सोमवारी जातो.

सदरची ताई: रिपोर्ट येईपर्यंत कंडोम.

मानेवाडावाला: हो.