प्रवासात पॉकेट राउटर जवळ असेल, तर साधा कॉल हवाच कशाला?

मुशाफिर (धागाकर्ता):
कामानिमित्त माझे मुंबई-मडगाव रेल्वेने वरचेवर जाणे-येणे होते. माझे मत असे, की प्रवासात फोनमधल्या सिमपेक्षा वेगळ्या कंपनीचे सिम घातलेला पॉकेट राउटर (मोबाइल डेटावरून वायफाय देणारे, खिशात मावणारे यंत्र) जवळ बाळगावा आणि सगळे बोलणे इंटरनेट कॉलवरूनच करावे. डब्याचा पत्रा सिग्नल अडवतो. पण राउटर खिडकीच्या कडेला ठेवला, की आतल्या बर्थवर पडल्या पडल्याही नीट बोलता येते. चिपळूण ते संगमेश्वर या टप्प्यात फोनवर एकही दांडी नसताना राउटरच्या जोरावर मी कार्यालयाची अर्ध्या तासाची बैठक पार पाडली आहे. शिवाय फोनची बॅटरीही कमी खर्च होते.

पांथस्थ:
तुमची बैठक पार पडली याचे श्रेय दुसऱ्या कंपनीच्या टॉवरला आहे, इंटरनेट कॉलला नाही. ते सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत घातले असते, तर साधा कॉलही लागला असता.

आजचा साधा कॉलसुद्धा फोरजीवर व्होल्टीने, म्हणजे डेटाच्या पाकिटांतूनच (छोट्या तुकड्यांतून) जातो. फरक एवढाच, की त्या पाकिटांना नेटवर्क स्वतंत्र वाट आणि अग्रक्रम देते, तर अॅपवरच्या तुमच्या आवाजाला शेजारच्या बर्थवरच्या क्रिकेट सामन्याच्या रांगेत उभे राहावे लागते. आवाजाचे डेटात रूपांतर करण्याच्या जुन्या जी.७११ पद्धतीत सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि पाकिटांवरचे पत्ते-शिक्के धरून ते साधारण ८० पर्यंत जातात. आताची अॅपे तर त्याहून कितीतरी कमी डेटात भागवतात, त्यामुळे वेग हा प्रश्नच नव्हे. प्रश्न आहे पाकिटे वेळेवर पोहोचण्याचा. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. त्यापलीकडे दोघेही एकदम बोलू लागतात आणि मग ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू होते. धावत्या गाडीत दर काही मिनिटांनी टॉवर बदलतो, तेव्हा नेमके हेच घडते. फोरजी संपले, तर काही नेटवर्कांवर साधा कॉल न तुटता टूजीवर उतरू शकतो. अॅपचा कॉल तिथेच संपतो.

आणि अडीनडीला अॅपवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक कसा लावणार?

माहेरवाशीण:
रेल्वेचे मला ठाऊक नाही, पण परदेशात मी मुशाफिरांच्याच बाजूची आहे. जपानला गेलो तेव्हा विमानतळावरून एकच राउटर भाड्याने घेतला आणि चौघांचे फोन त्याच्यावर चालवले. रोमिंगचे दर पाहता आईशी रोज अर्धा तास बोलणे एरवी परवडलेच नसते. एक गोम मात्र आहे. ओसाकाच्या स्थानकात यजमान राउटर खिशात घालून तिकिटे काढायला गेले आणि आम्ही तिघी जणी एका क्षणात संपर्काबाहेर झालो. त्यांना शोधायला शेवटी रोमिंगचाच कॉल करावा लागला!

आखातवासी:
परदेश म्हटले की सगळे एका मापाने मोजू नका. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर निरोप जातो, पण तिथल्या नेटवर्कवरून कॉल लागत नाही. परवाना मिळालेली ठरावीक अॅपेच चालतात. दुबईला लेकाकडे येणारे आईवडील दर वेळी याच ठिकाणी अडतात. सोबत राउटर आणून काही उपयोग नाही, कारण त्यातले सिमही तिथलेच असणार.

मुशाफिर:
११२ चा मुद्दा निर्विवाद आहे, त्यामुळे ‘सगळे बोलणे’ हा शब्दप्रयोग मी मागे घेतो. दुसऱ्या खाचेचा सल्ला मात्र मला लागू पडत नाही; तिथे आधीच कार्यालयाचे सिम आहे, आणि माझी बैठक पाच जणांची, पडद्यावर तक्ते दाखवत चालणारी असते. ती साध्या कॉलवर होत नाही. पत्र्याच्या मुद्द्याला तर कोणी हातच लावला नाही.

पांथस्थ:
पत्र्याचा मुद्दा मान्य, खिडकीजवळचा राउटर खरोखरच उजवा ठरतो. पण उक्षी आणि रत्नागिरी यांच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे राउटर खिडकीत ठेवा नाहीतर डब्याच्या टपावर. उक्षी मागे पडले, की मी समोरच्याला ‘रत्नागिरीला पोहोचल्यावर फोन करतो’ असे सांगून मोकळा होतो. तुमच्या पाच जणांना तुम्ही काय सांगता?

मुशाफिर:
तेवढ्या वेळात त्यांना तक्ते वाचायला सांगतो.