मदत हवी आहे : आठवीच्या घनफळासाठी लुआंटी हा गेम वर्गात वापरलाय का कुणी?

नमस्कार मंडळी,

मी आठवीला गणित शिकवते. 'पृष्ठफळ व घनफळ' हे प्रकरण फळ्यावर शिकवलं की मुलं सूत्र पाठ करतात, पण घनाची बाजू दुप्पट केली तर घनफळ किती होईल असं विचारलं की निम्मा वर्ग 'दुप्पट' म्हणतो. म्हणून हे प्रकरण गेममधून शिकवायचं ठरवतेय. माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधकाम करायच्या गेमची शाळांसाठीची आवृत्ती चांगली आहे, पण तिला खाती आणि परवाने लागतात. लुआंटी (२०२४ पर्यंत याचंच नाव माइनटेस्ट होतं) तसाच ठोकळ्यांचा, पण मोफत आहे, आणि नेट नसलं तरी लॅबमधल्या लॅनवर (संगणक आपापसात जोडणाऱ्या जाळ्यावर) सगळ्यांना एकाच जगात खेळता येतं.

त्यात प्रत्येक ठोकळा एक घन मीटरचा. दोनच्या बाजूचा भरीव घन रचायला ८ ठोकळे, चारच्या बाजूला थेट ६४! बाहेरचे चौरस मोजले तर २४ चे ९६. हे स्वतः रचताना मुलांना जे उमगेल ते माझ्या आकृतीतून उमगणार नाही, याची मला खात्री वाटते.

अडचण अशी की संगणक दहा, मुलं चाळीस, तास पस्तीस मिनिटांचा. चौघांच्या गटात माउस एकाच्याच हातात राहू नये यासाठी काय करता? एका गटाचं बांधकाम दुसऱ्याने फोडू नये म्हणून कोणता मॉड (गेममध्ये वरून टाकायची जोडणी) टाकावा? आणि 'शाळेत गेम कशाला?' म्हणणाऱ्या पालकांना तुम्ही आधी काय दाखवलंत? प्रत्यक्ष वर्गात केलेल्यांनी जरूर सांगा, जुन्या संगणकांवर चालवलं असेल तर सेटिंगसकट.