आठवीच्या मुलांना दिव्यांगांसाठी वस्तू घडवायला कसे शिकवावे?

विज्ञानशिक्षिका, सातारा
नमस्कार. आमच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये (मुलांनी स्वतः वस्तू घडवून पाहण्याच्या शाळेतल्या कार्यशाळेत) आठवीच्या मुलांकडून दिव्यांग किंवा वृद्ध व्यक्तींना उपयोगी पडेल अशी वस्तू करून घ्यायची आहे. विषय सांगताच सहापैकी पाच गटांनी अंधांसाठी अल्ट्रासॉनिक सेन्सरची, म्हणजे ध्वनिलहरींनी अडथळा ओळखणारी काठी सुचवली; मात्र ती नेमकी कोणासाठी, असे विचारल्यावर एकाही गटाला एका माणसाचे नाव सांगता आले नाही. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वर्गात चालायला लावावे, असे एका सहकाऱ्यांचे मत आहे. त्याने काही साधेल का?

दृष्टिहीन वाचक, पुणे
ताई, पट्टी बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत कळते ती केवळ भीती. वर्षानुवर्षे पांढरी काठी वापरणाऱ्याला तिच्या टोकातून खड्डा, पायरी, खडबडीत फरशी कशी ओळखू येते, हे त्या मुलाला त्यातून उमगत नाही. काठीच्या तावडीतून सुटतात ते गुडघ्याच्या वरचे अडथळे: उभ्या ट्रकचा मागचा भाग, खाली आलेली फांदी, उघडी खिडकी. आयआयटी दिल्लीत विकसित झालेल्या स्मार्टकेन या पांढऱ्या काठीवर बसवायच्या उपकरणाने हीच उणीव हेरली आणि इशारा कंपनाने दिला. रस्ता ओलांडताना आमचे कान वाहनांकडे लागलेले असतात, त्यामुळे शाळांच्या प्रदर्शनांतील सतत 'बीप' करणाऱ्या काठ्यांचा मला त्रासच झाला आहे.

निवृत्त कार्यानुभव शिक्षक, कोल्हापूर
सेन्सरचा डबा महिनाभर कपाटातच राहू द्या. माझ्या एका विद्यार्थिनीने आजीला बटाटे सोलताना अर्धा तास नुसते पाहिले. संधिवाताने वाकलेल्या बोटांत सोलाण्याची पत्र्याची बारीक मूठ ठरत नव्हती आणि अंगठा दर दोन-तीन बटाट्यांनंतर सटकत होता. मुलीने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मुठीवर गुंडाळली आणि प्रत्येक वेढ्यानंतर सोलाणे आजीच्या हातात दिले. पाच वेढे आजीला जाड वाटले, चार पसंत पडले. १९९० मध्ये अमेरिकेत ऑक्सो कंपनीचे जाड रबरी मुठीचे सोलाणे आले, तेही कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीच्या संधिवातामुळेच, आणि पुढे ते धडधाकट हातांनाही आवडले. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगा, पण त्यांचा स्वतःचा नमुना झाल्यावर, नाहीतर सगळे गट मुठीच करतील. गुण देताना वापरणाऱ्याचे ऐकून नमुना किती वेळा बदलला, याची वही तपासावी.

विज्ञानशिक्षिका, सातारा
आपणा दोघांचे मनापासून आभार. डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा विचार सोडला. वर्गातील एका मुलाच्या आजोबांचा उजवा हात पक्षाघातानंतर चालत नाही, आणि ते शनिवारी शाळेत यायला आनंदाने तयार झाले आहेत. सकाळपासून कोणकोणत्या कामासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते, एवढेच मुले त्यांना प्रथम विचारतील.