५० मीटर सरावासाठी परवडणारा स्पॉटिंग स्कोप

प्रश्न: माझी मुलगी पुण्यातील बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर ५० मीटर रायफल नेमबाजीतील प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकाराचा सराव करते. पॉइंट टू-टू (.२२ इंची) गोळीचे छिद्र जेमतेम ५.६ मिलिमीटरचे असल्याने कागदी टार्गेटच्या काळ्या भागात ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. छिद्र पाहण्यासाठी माफक किमतीचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची छोटी दुर्बीण) निवडताना काय पाहावे?

उत्तर १: ‘६० पट’ या जाहिरातीला भुलू नका. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने (चित्र किती पट मोठे दिसते त्या आकड्याने) भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ६० मिलिमीटरच्या भिंगातून २० पटीला ती ३ मिलिमीटर असते, तर ६० पटीला केवळ १, आणि मग चित्र काळवंडते. त्यातच पुण्यातील एप्रिल-मेच्या दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे ते थरथरते, ते वेगळेच. या अंतरासाठी २० ते २५ पट पुरते.

उत्तर २: आयपीस (डोळा लावायचा भाग) ४५ अंशांत वळलेलाच घ्यावा, म्हणजे प्रोनमध्ये जमलेली स्थिती फारशी न मोडता डोळा लावता येतो. मी सरळ नळीचा घेतला आणि पस्तावलो. स्टँडवर मात्र काटकसर करू नका, कारण डगमगणाऱ्या स्टँडवर उत्तम काचही निरुपयोगी ठरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हाच स्कोप १० मीटरला चालेल का?

उत्तर १: त्याचे किमान फोकस अंतर, म्हणजे किती जवळचे स्पष्ट दिसते, ते तपासा. पण तेथे कागदी टार्गेट बहुधा दोरीवरून परत हाती येते, त्यामुळे स्कोपची गरज क्वचितच पडते.